मोठ्या आईची वाडी

भर मे महिन्यात, यवतमाळच्या उन्हात कुत्रीसुद्धा नळाखालच्या ओलीत अंग टाकून पडलेली असताना, आमची मोठी आई डोक्यावर पदर घेऊन घरामागच्या मोकळ्या वाडीत उभी असायची. हातात काही नाही, करत काही नाही. नुसती सावल्या पाहत. कडुनिंबाची सावली कुठवर सरकते, शेजाऱ्यांच्या नव्या माडीनं कोणता कोपरा खाल्ला, भिंतीलगत ऊन किती वेळ टिकतं. सकाळी एकदा, भरदुपारी एकदा, उन्हं कलल्यावर एकदा. लग्न होऊन यवतमाळला लागूनच्या लोहाऱ्याच्या त्या घरात आले तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे पहिल्यांदा पाहिलं आणि मी घाबरून नवऱ्याला विचारलं, "बाईले काही झालं का हो?" तो हसून म्हणाला, "काही नाही झालं. वहिनी ऊन पाहून राह्यली. आता वाडी बसवते." त्याच्या आवाजातलं कौतुक मला तिथंच टोचलं. नव्या नवरीचं कौतुक व्हायचे ते दिवस, आणि हा माणूस उन्हात उभ्या असलेल्या भावजयीचं कौतुक करत होता.

मोठी आई म्हणजे माझी मोठी जाऊ. आमच्याकडे बापाच्या मोठ्या भावाच्या बायकोला पोरं मोठी आई म्हणतात. माझी गौरी बोलायला लागली तशी तिनंही तेच नाव उचललं, आणि हळूहळू सगळी गल्ली तिला मोठी आई म्हणू लागली. मी मात्र 'बाई'च म्हणायचे. घरात एकीला मोठी आई म्हटलं की दुसरी न सांगता लहान ठरते, हे त्या नावात नसलेलं मला रोज ऐकू यायचं. घर एकच, दोन भावांची दोन दारं, मधे एक भिंत. जेठजी, म्हणजे माझे थोरले दीर, एसटीच्या वर्कशॉपमध्ये, माझा नवरा एमआयडीसीतल्या कारखान्यात. मागची वाडी तेवढी दोघांची मिळून होती. कागदावर दोघांची, प्रत्यक्षात तिची.

ऊन पाहून झालं की ती मागच्या ओट्यावर रांगोळी घेऊन बसायची. देवापुढची रांगोळी नव्हे, वाडीची. आधी चार रेघांत सगळी जागा काढायची, मग त्यात वाफे पाडायची, मधून पाय ठेवायला वाट. मग ठिपके. एक ठिपका म्हणजे एक रोप. "वांग्याले दीड हात, मिरचीले हात, मुळ्याले चार बोटं," असं पुटपुटत ठिपके टाकायची आणि दाटी झाली की तळहातानं पुसून पुन्हा मांडायची. "इथं पुसता येते वं. तिथं लावल्यावर उपटा लागते, मंग जीव तुटते," असं मला म्हणायची. संध्याकाळपर्यंत वाऱ्यानं ओटा कोरा व्हायचा. तोवर सगळी वाडी तिच्या डोक्यात बसलेली असायची. दुसऱ्या दिवशी खुंट्या ठोकून, सुतळी ताणून ती तेच जमिनीवर उतरवायची. काळ्या मातीला उन्हानं हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असायच्या, पण सुतळी सरळ.

माझ्या पहिल्या वर्षी तिनं त्या रांगोळीत माझ्यासाठी एक तुकडा काढला. मोरीजवळचा, भिंतीकडेचा. "हा तुहा, सुनंदे." मला वाटलं, आपल्याला उष्ट्या पाण्याजवळचं दिलं आणि उन्हातली चांगली जागा स्वतःला ठेवली. रात्रीचं जेवण गेलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात नळ आठवड्यातून एकदा यायला लागला, सगळ्या वाडीचा पापड झाला, आणि भांड्यांच्या पाण्यावर फक्त माझा तुकडा हिरवा राहिला. गल्लीतल्या बाया माझ्या पालकाचं कौतुक करायला आल्या. ते कौतुक मी घेतलंही. पण बाया जाताना तिलाच म्हणाल्या, "मोठी आई, जागा बाकी तुम्ही बरोबर देल्ली लहानीले." घ्या! माझा पालक, आणि शाबासकी तिला.

तिची एक सवय माझ्या अगदी डोक्यात जायची. ती कधीच पूर्ण वाफा पेरत नसे. धने चपलेखाली रगडून दोन ओळी पेरायची आणि बाकीची जागा मोकळी सोडायची. पोपटी अंकुर वर आले की पुढच्या दोन ओळी. मी एकाच दिवशी सगळा वाफा भरून टाकायचे. आठवडाभर माझ्याकडे एवढा सांबार व्हायचा की वाटून संपत नसे, आणि मग महिनाभर काडी नाही. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. तिच्यावाचून आमचं पोह्यांपासून वरणापर्यंत काही पूर्ण होत नाही. गल्लीत कुणाकडे पाहुणे आले की पोरगं आमच्या दाराशी यायचं. माझ्या दारावरून पुढं जायचं आणि तिच्या दारात उभं राहायचं. "एकदम पेरलं तं एकदम खा लागते," ती मला समजावत म्हणायची. मला सगळं समजत होतं. पण तिचं ऐकून पेरलं असतं तर तो सांबारही तिचाच झाला असता.

अवजारं म्हणाल तर सगळी स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली. रोपं उचलायला दांडी मोडलेला पळा, पाणी घालायला खिळ्यानं भोकं पाडलेला तेलाचा डबा, आणि राळेगावच्या माहेराहून आणलेलं एक खुरपं, झिजून अर्धं उरलेलं. अंतर मोजायला खुणा केलेली बांबूची काडी. मी एकदा बाजारातून नवा संच आणला. लाल मुठीची खुरपी, छोटा पंजा, हातमोजे, चोच असलेली झारी. दिसतील अशी भिंतीवर टांगली. वाटलं, आता तरी तिचं तोंड उतरेल. ती आली, पंजा हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि लहान पोरीसारखी खुश झाली. "बाप्पा! किती छान हाये वं हे. मले दे नं जराकसं." दुपारभर तिनं त्या पंजानं माती भुसभुशीत केली, धुऊन पुसून परत टांगला. माझ्या हातात तो पंजा कधी तसा चालला नाही. माझ्याच वस्तूवर मी जळले, यापेक्षा आणखी काय सांगू?

हे सगळं भाजीपुरतं होतं तोवर मी गिळत होते. पण गौरी मोठी होत गेली आणि तिचा पाय माझ्या घरात ठरेना. शाळेतून आली की दप्तर टाकून मागच्या दारानं वाडीत. वालाच्या मांडवाखाली दोघी बसलेल्या असायच्या. मोठ्या आईला एकच मुलगा, तोही शिकायला पुण्याला गेला आणि तिकडेच नोकरीला लागला. लेक नव्हती. खिडकीतून मला दोघींची फक्त पाठ दिसायची आणि मधूनच हसणं ऐकू यायचं. मी हाक मारली की हसणं थांबायचं. ते थांबणं मला हसण्यापेक्षा जास्त लागायचं.

एके दिवशी सकाळी मोठी आई माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "गौरीले पाळी आली वं. काल. तिच्यासाठी जराकसा शिरा कर." मी कणीक मळत होते. माझ्या पोरीच्या आयुष्यातली एवढी गोष्ट, आणि ती मला दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या बाईकडून कळली. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं तोंडाशी आलं.

"वाडी घेतली, गल्ली घेतली," मी म्हणाले, "आता पोरगीही घेता का बाई? माही पोरगी हाये ते!"

ती दारात उभी राहिली. रागावली नाही. म्हणाली, "तुहीच हाये. मी आई म्हणून नाही सांगितलं तिनं मले. वाडीत होतो म्हणून सांगितलं. घरात माणूस तोंडाकडे पाहून बोलते नं, तिथं लाज वाटते. वाडीत हातात शेंगा राह्यते, डोये खाली राह्यते. बोलणं निंघून जाते." आणि ती गेली.

मी शिरा केला. पण तिच्याशी बोलणं बंद केलं. भिंतीपलीकडून तिची भांडी वाजायची, इकडे माझी, आणि दोघींच्या मधे एक शब्द नाही. नवऱ्यानं समजूत घालायला पाहिली, त्यालाही मी वहिनीचा वकील म्हणून गप्प केलं. त्यात पुढचा उन्हाळा आला. ती नेहमीसारखी ओट्यावर रांगोळी घेऊन बसली. मी खिडकीतून पाहत होते. वालाचा मांडव दरवर्षी तिच्या दारासमोर असायचा. त्या दिवशी तिनं तो पुसला आणि उचलून माझ्या बाजूला काढला, अगदी माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी. मला राहवलं नाही. इतक्या दिवसांनी पहिला शब्द मीच बोलले.

"हा इकडे कायले?"

"दुपारचं ऊन माह्याकडून येते," ती मान वर न करता म्हणाली. "तिकडे मांडव राह्यला तं मांगच्या भाजीवर सावली पडन."

ऊन त्या बाजूनं येत होतं हे खरं होतं. पण ते दरवर्षीच त्या बाजूनं येत होतं.

दिवाळीनंतर मांडव शेंगांनी लदबदला. एका दुपारी मी शेंगा तोडत बसले होते, गौरी आली आणि न सांगता शेजारी बसली. दोघींचे हात वेलात. मी मुद्दाम तिच्याकडे पाहिलं नाही. टोपली अर्धी झाली असेल, तेव्हा ती म्हणाली, "आई, मले गणित जमून नाही राह्यलं. बाबाले नको सांगू." एवढंच. दुसऱ्या कुणाला ही काय मोठी गोष्ट वाटेल! मी शेंगा तोडत राहिले आणि म्हणाले, "नाही सांगत." डोळे भरून आले होते, पण खालीच होते, तिला दिसले नाहीत. त्या दिवशी भिंतीपलीकडे मोठ्या आईच्या भांड्यांचा आवाज अजिबात आला नाही. ती घरात होती. नुसती आवाज न करता बसली होती, हे मला ठाऊक होतं. आणि सांगते, त्याही क्षणी मला तिचा हेवा वाटला. एवढं शहाणपण हिला सुचतं, मला का नाही?

जेठजी निवृत्त झाले आणि मुलानं दोघांना पुण्याला नेलं. निघायच्या आदल्या दिवशी मी तिला म्हणाले, "बाई, जाता जाता यंदाची वाडी मांडून तं द्या." ती म्हणाली, "नाही. आता तुही. मी मांडली तं तू मनातून जळशीन, अन् उलटंच लावशीन." मी चमकून पाहिलं. ती पिशवीची चेन लावत होती. ट्रॅव्हल्स सुटेपर्यंत तो विषय तिनं पुन्हा काढला नाही.

आता सगळी वाडी माझी आहे. सांबार दोन दोन ओळींनीच पेरते. गल्लीतली पोरं माझ्या दारात थांबतात. जे हवं होतं ते सगळं मिळालं, आणि पहिले काही महिने मी त्या मिळालेल्यात नुसती भांबावून फिरत होते.

परवा गौरीनं पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. मोठी आई सोसायटीच्या गच्चीवर होती. थर्माकोलच्या खोक्यांत मेथी, ड्रमात दोडके, आणि तिच्याभोवती चार-पाच बाया. एक तरुण बाई तिच्या खांद्यावर हात टाकून उभी होती. "ह्या पाह्य, माह्या पोरी," ती म्हणाली. ते ऐकून माझा तोच जुना हेवा जागा झाला. मी विचारलं, "मंग करमते नं तिकडे?"

तिनं फोन घेऊन बाजूला जाऊन हळूच सांगितलं, "बाया लय गोड हायेत वं. जे सांगन ते आयकते. पण एकही माह्यावर जळत नाही. मजा नाही येत."

मला हसावं की रडावं कळेना. इतकी वर्षं तिला सगळं ठाऊक होतं.

"मी हाये नं बाई," मी म्हणाले. "आता त्या बायाइवर जळून राह्यली."

पलीकडे तिनं ड्रमातल्या दोडक्याचं एक वाळलं पान खुडलं. मग ती म्हणाली, "हो? मंग ठीक हाये."