वैजनाथचा हलका कूलर

लातूरला मे महिन्यात माणसाचं डोकं आणि कॉम्प्युटर सारखेच तापतात, असं वकार म्हणायचा. गंजगोलाईच्या बाजारामागं त्याचं कॉम्प्युटर जुळवून द्यायचं दुकान होतं. त्या दिवशी सकाळी काउंटरवर दोन कूलर मांडलेले आणि समोर वैजनाथ हटून बसलेला. कूलर म्हणजे खिडकीतला वाळ्याचा नव्हे. प्रोसेसरच्या डोक्यावर बसतो तो, धातूच्या पात्यांचा आणि छोट्या पंख्याचा.

"भाऊ, हा तांब्याचा घ्या," वकार म्हणाला. "वजनदार हाय, पण तुमचा प्रोसेसर म्हंजे निखारा हाय."

वैजनाथनं तो हातात तोलला आणि लगेच खाली ठेवला. "लई जड हाय. हलका दे."

"अहो, जड हाय म्हणूनच तर..."

"न्हाई म्हणलं ना! डोक्यावर ओझं नको."

वकारनं हलका कूलर बांधून दिला. वैजनाथची आई भूकंपात गेली, हे त्याला ठाऊक होतं. औशाकडच्या त्यांच्या गावात दगडी भिंतींवर माळवदं होती, लाकडावर माती पसरलेली सपाट छतं. पावसाळ्यात गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात प्रत्येक घरावर पांढऱ्या मातीचा नवा थर पडायचा. आजोबांच्या थरावर बापाचा, बापाच्या थरावर लेकाचा. जुनी माती उतरवावी असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. मग एका पहाटे ती सगळी माती एकदम खाली आली. वैजनाथ तेव्हा टायपिंग शिकायला लातूरला होता, म्हणून वाचला. तेव्हापासून तो पत्र्याखाली राहायचा, पलंगाच्या वर भिंतीला साधी फळी ठोकू द्यायचा नाही आणि गावातल्या घराचं नाव काढायचा नाही. ज्या घरानं आई गिळली, त्याची आठवण कसली काढायची?

लातुरात क्लासचं पेव फुटलं, तसे टाइपरायटर माळ्यावर गेले. वैजनाथनं सुटे भाग आणून घरीच कॉम्प्युटर जुळवला आणि एका क्लासच्या प्रश्नपत्रिका करू लागला. पण पत्रा तापला की कॉम्प्युटर आपोआप बंद पडायचा. दोनदा पेपर उशिरा गेला होता. आज संध्याकाळपर्यंत उद्याचा पेपर आला नाही तर काम दुसऱ्याला, असं क्लासच्या सरांनी तोंडावर सांगितलं होतं.

घरी येऊन त्यानं हलका कूलर बसवला. कॉम्प्युटरच्या डब्याला पुढं एक आणि मागं एक असे दोन पंखे लावले, दोन्ही बाहेरची हवा आत ढकलणारे. मराठवाड्यातला माणूस, खिडकीतल्या कूलरनं त्याला जन्मभर तेवढंच शिकवलेलं. वरून बायकोनं, वर्षाराणीनं, विणलेलं लोकरीचं झाकण घातलं. नवी वस्तू उघडी ठेवायची पद्धत आपल्यात कुठं आहे!

दुपारी निम्मा पेपर झाला आणि पडदा काळा झाला.

"गेलं काम," वैजनाथ मटकन खाली बसला. "वकारचं ऐकायला पायजे होतं."

वर्षाराणीनं झाकणावर हात ठेवला. "अहो, वरून किती तापलंय! दोन्ही पंखे हवा आत घालायलेत, मग ती जाणार कुठून?"

त्यानं झाकण ओढून काढलं. वरच्या जाळीतून गरम वाफ तोंडावर आली आणि तो बोलून गेला, "सानं बुजलंय की!"

"काय बुजलंय?" वर्षाराणी उदगीरच्या स्लॅबच्या घरात वाढलेली.

"माळवदाला वर भोक असतंय. धूर, उकाडा सगळा तिथून जायचा. आभाळ आलं की आई शिडीनं वर पळायची, त्यावर फरशी सरकवायला. मी खालून वरडायचो, अगं पडशील..."

मग मागचा पंखा सोडवून त्यानं वरच्या जाळीला लावला, तोंड आभाळाकडं करून. कॉम्प्युटर सुरू झाला. वर्षाराणी शेजारी बसून राहिली. कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला नाही. दिवेलागणीला क्लासचा माणूस पेपर घेऊन गेला आणि पुढच्या रविवारचंही काम सांगून गेला.

वैजनाथ दार लावून आत आला. "झालं की मनासारखं," वर्षाराणी म्हणाली. "आता तरी हसा."

तो हसला नाही. पत्र्याखालच्या उकाड्यात जमिनीवरच बसला.

"लई गार होतं गं आमचं घर," तो म्हणाला. "बाहेर ऊन मी म्हणायचं आणि आई आत वाकळ पांघरून झोपायची." त्यानं वर पत्र्याकडं पाहिलं. "मला त्या घराची लई आठवण येते. येऊ नये, पण येते."