कॉफी माझी, मीठ तिचं

माझ्या बायकोच्या हातचं मीठ कधीच जास्त नव्हतं. एवढं एक वाक्य बोलायला मला चार महिने लागले.

मंगळवार पेठेतल्या आमच्या डॉक्टरांकडं दर महिन्याला रक्तदाब तपासायला जायचं आणि नंबर येईपर्यंत समोरच्या हॉटेलात म्हशीच्या दुधाची दोन कप कडक कॉफी घ्यायची, ही माझी सवय. (घरी फक्त चहा!) त्या दिवशी दंडावरचा पट्टा फुगला आणि डॉक्टरांच्या भुवया चढल्या.

"आबा, प्रेशर वाढलंय. जेवणात मीठ जास्त असतं का?"

"सुशीलाचा हात जरा सैलच हाय!" मी बायकोबद्दल बोलून गेलो.

मुलगा सोबत होता. घरी जाऊन त्यानं मिठाची बरणी कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात! आमटी अळणी, भाजी अळणी, लोणचं तर हद्दपार. पुढचे दोन महिने मी कॉफी पिऊनच गेलो, प्रेशर तसंच. चौथ्या महिन्यात हॉटेल बंद. करायला काही नाही, म्हणून दवाखान्यातली पाटी वाचली: 'तपासणीआधी अर्धा तास चहा-कॉफी घेऊ नये.'

त्या दिवशी प्रेशर एकदम नॉर्मल!

"बघा, मीठ तोडल्याचा गुण!" डॉक्टर खूश. मुलगा खूश. मी गप्प.

बातमी कागलला माझ्या धाकट्या बहिणीकडं, रंजनाकडं पोचली. तिच्या घरच्या जत्रेत दोनशे माणसांच्या रश्श्याला मीठ घालायचा मान तीस वर्षं सुशीलाचा. रंजनाचा फोन आला, "वयनी, यंदा मीठ आमची सून घालंल. तुमी निवांत बसा."

सुशीलानं फोन ठेवला आणि लसूण सोलत बसली. (ती भांडली असती, तर मी आजही गप्पच राहिलो असतो.)

जत्रेदिवशी रस्सा उकळत असताना मी हंड्यापाशी उभा राहिलो. "रंजे, मीठ जास्त न्हवतंच. मीच कॉफी पिऊन तपासायला जात हुतो."

"आणि चार म्हैनं वयनीच्या नावानं बोंब? दादा, लाज हाय का?" रंजना कडाडली. "वयनी, या. मीठ तुमीच घाला."

सुशीलानं मुठीनं मीठ घातलं, ढवळलं आणि पळीभर रस्सा माझ्यापुढं धरला. "घ्या, चाखून सांगा."

सगळं घर बघत होतं. पण चार महिने अळणी खाल्लेली जीभ ती! तोंडातून निघूनच गेलं,

"जरा खारट झालाय की गं!"

त्या दिवशी दोनशे पावणं तांबडा रस्सा ओरपत होते आणि मी कोपऱ्यात बसून दहीभात खात होतो. सुशीलानं स्वतः कालवलेला. अळणी.