हात लावा, सायेब

डॉक्टरनं माझ्या लेकीचा फ्रॉक पेनाच्या टोकानं वर केला.

एक हात खिशात. दुसऱ्या हातात पेन. फ्रॉकची कड उचलली, उघड्या छातीकडं एक नजर टाकली आणि ते पेन कापसानं पुसून घेतलं. माझ्यासमोर. मग म्हणाला, "बुद्धवाड्यातली ना तू? औषध घे अन् जा घरी. तुमची लेकरं मरत नसतात. चिवट असतात."

सिस्टर हसली. रांगेतल्या दोन-चार बायाही हसल्या.

सुजाता तेव्हा दीड वर्षाची होती. अंग तव्यासारखं तापलेलं. श्वास घेताना पोट भात्यासारखं उडायचं, बरगड्यांखाली खड्डा पडायचा. मी म्हणाले, "सायेब, नळी लावून बघा ना जरा."

"मला शिकवू नको."

त्याला येत नव्हतं असं नाही. माझ्या आधी गावातल्या दुकानदाराचा नातू आत गेला होता. दार उघडंच होतं. डॉक्टरनं त्याला मांडीवर घेतलं, नळीचं गार टोक तळहातावर घासून गरम केलं, पाठीवर लावलं, पुढून लावलं. पोरगं रडायला लागलं तर तोंडानं चिमणीचा आवाज काढला. सगळं येत होतं त्याला. आमच्या लेकरांपाशी आला की हात आखडायचा.

आमच्या गावांना आरोग्य केंद्र हे एकच. सासू कायम सांगायची, "डॉक्टरशी वैर धरू नको, उद्या कोन बघन आपल्याला?" म्हणून मी औषधाची बाटली घेतली आणि घरी आले. नवरा पुण्याला बांधकामावर. विचारायचं तर कोणाला?

दुपारी सुजाताचे ओठ निळे पडले.

माझी जाऊ अंगणात हळद पसरत होती. तिनं लेकरू पाहिलं आणि हातातलं खोरं टाकून दिलं. "घरात बसू नको. माझ्या बाळ्याचं असंच झालतं. हिंगोलीला चल." बाळ्या तिचा एकुलता एक. मागच्या साली गेला. तोही याच डॉक्टरला दाखवलेला, त्यालाही हीच बाटली. आम्ही नशीब म्हणून त्याला मातीआड केलं होतं.

आम्ही दोघी एका टमटममध्ये बसलो. रस्ताभर जाऊ सुजाताचे पाय चोळत राहिली.

हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात लेकरांची डॉक्टर एक बाई होती. तरुण, घामेजलेली, दमलेली. तिनं सुजाताला माझ्याकडून ओढूनच घेतलं. छातीला नळी लावली, पाठीला लावली, ऑक्सिजन सुरू केला. सुई टोचली. मग माझ्यावरच ओरडली, "न्यूमोनिया आहे हा! आधी कोणाला दाखवलं होतं? कोणी छाती ऐकली नाही?"

"न्हाई मॅडम. हात बी लावला न्हाई."

"छाती ऐकली असती तर तिथंच कळलं असतं. या आजाराची औषधं तिथंही असतात."

ती पुढच्या लेकराकडं वळली. जाऊ भिंतीला धरून खाली फरशीवर बसली. मग मला विचारलं, "मंजी माझा बाळ्या वाचला असता?"

ती रडली नाही. मीही नाही. पण आतलं काहीतरी त्या फरशीवर कायमचं बदललं. नशीब, नशीब करत आम्ही ज्याला पुरलं, तो नशिबानं गेलाच नव्हता. एका माणसाला आपला हात विटाळायचा नव्हता, म्हणून गेला.

सुजाता वाचली. तिला घेऊन मी घरी आले तेव्हा सासू म्हणाली, "आता गप ऱ्हाय. लेकरू बरं झालं, झालं." मी गप्प राहिले. फक्त लसीकरणाच्या दिवसापर्यंत.

त्या दिवशी केंद्र भरलेलं असतं. सगळ्या गावांच्या बाया, सगळ्या आळ्यांच्या. मी जावेला घेऊन गेले. आमच्याच वाड्यातली एक पोरसवदा बाई खोकणारं लेकरू घेऊन टेबलासमोर उभी होती. डॉक्टरनं पेन काढलं. लेकराच्या झबल्याकडं नेलं.

मी पुढं झाले. "पेन ठेवा. हात लावा, सायेब."

"कोण गं तू? बाहेर हो."

"नळी गळ्यात हाय तुमच्या. लावा छातीला."

"तू मला डॉक्टरकी शिकवणार?"

"डॉक्टरकी तुमाला येते. आमच्या लेकराला शिवायला शिकवून राहिले मी."

सिस्टरनं शिपायाला हाक मारली, पण तो जागचा हलला नाही. जाऊ माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. आवाज न चढवता बोलली, "माझं लेकरू तुमी असंच पेनानं बघितलं व्हतं. मेलं ते. चिवट नव्हतं."

मागून कोणीतरी मोबाइल वर धरला. मग दुसरीनं. डॉक्टरनं ते मोबाइल पाहिले. पेन खाली ठेवलं. आणि लेकराच्या छातीवर हात ठेवला. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि मला तो बघून गार वाटलं. खोटं कशाला बोलू? पाणी प्यायल्यासारखं गार वाटलं.

त्या दिवसापासून आमच्यातल्या दोघीजणी पाळीपाळीनं त्याच्या दारात बसतात. एकही लेकरू न तपासता परत जात नाही. त्यानं वर तक्रार केली, कामात अडथळा म्हणून. आम्हीही केली, बाळ्याचं नाव घालून. मग गावातली मोठी माणसं घरी आली. "झालं गेलं सोडून द्या. डॉक्टर माफी मागायला तयार हाय."

जाऊ म्हणाली, "माझ्याजवळ माफी न्हाई. संपली."

आता ऐकते की तो बदली मागून राहिला. लांब कुठंतरी, जिथं त्याला कोणी ओळखत नाही तिथं. मागू दे. मिळू दे. मोबाइलमधला तो व्हिडिओ त्याच्या आधी तिथं पोचेल. औंढ्याकडं माझी बहीण आहे, नांदेडला मावशी, परभणीला जावेचं माहेर. जिथं कोणी नात्याचं नसेल तिथंही मी जाईन, बाया शोधीन आणि त्यांना दारात बसवीन. त्यानं महाराष्ट्रातलं कोणतंही गाव निवडावं. प्रत्येक गावाच्या कडेला आमची वस्ती आहे.