ते प्रश्न मी फक्त तिलाच विचारले

परवा भनपुरीच्या आमच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात इंटरव्ह्यू होते. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही... म्हणून लिहितेय.

डिस्पॅचसाठी माणूस हवा होता. कुठली गाडी कुठे अडली ते बघायचं, ड्रायव्हरशी, माल पाठवणाऱ्या पार्टीशी फोनवर बोलून मार्ग काढायचा, असं काम. आमचे मालक रमेशभाऊ सकाळीच म्हणाले, "मॅडम, पोट्टी नको बरं. ड्रायव्हर लोकं ऐकतात का पोट्टीचं?"

मी भडकलेच. "मग माझं काहून ऐकतात?" बराच वाद झाला. शेवटी वैतागून म्हणाले, "बरं बाप्पा, तुम्हीच घ्या इंटरव्ह्यू. तुमाले पटन ते करा."

मी जाम खूश... मोठीच लढाई जिंकल्यासारखी.

आधी दोन-तीन मुलगे येऊन गेले. रस्त्यात गाडी बंद पडली तर काय कराल, पार्टी फोनवर ओरडायला लागली तर काय सांगाल, असं सगळं त्यांना विचारलं.

मग अभनपुरची हेमलता आत आली. मला तिच्याबद्दल लगेच माया वाटली. आणि मी, इथे सगळ्यांशी बोलतो तसं हिंदीत, विचारायला लागले... इतक्या लांबून रोज कशी येशील? उशीर झाला तर घरचे रागावणार नाहीत ना? लग्नाचं काही चाललंय का?

तिने सगळ्याची उत्तरं दिली. मग जरा घुटमळून म्हणाली, "दीदी, मुझसे पहले जो भैया आए थे, वो भी अभनपुर के हैं. हम एक ही बस से आए. उनसे भी पूछा आपने ये सब?"

नव्हतं विचारलं. तो कुठून आलाय, हेसुद्धा नाही.

आपण जास्तच बोललो असं वाटून ती घाबरली. "सॉरी दीदी" म्हणत उठायलाच लागली. मी तिला बसवलं आणि मुलांना विचारलेलंच तिला विचारलं. म्हणाली, गाडी अडली तर पार्टीचा फोन यायच्या आधी मीच करीन, आणि खोटी वेळ सांगणार नाही. इतकं सरळ उत्तर कोणीच दिलं नव्हतं. तिलाच घेतलं.

रमेशभाऊंना झालेलं सांगितलं तर ते हसायला लागले. "म्हणजे तुम्ही बी माह्यासारख्याच! मी तोंडावर बोललो, एवढंच."

ते वाक्य काही सुटत नाहीये. ब्राह्मणपाऱ्यातल्या घरी येताना गाडीवरही तेच डोक्यात. रमेशभाऊ बोलून दाखवतात म्हणून त्यांच्याशी भांडता तरी येतं. माझं तर मलाच ऐकू आलं नाही... मी त्याला काळजी म्हणत होते. याआधी ऑफिसात नोकरीची चौकशी करायला आलेल्या किती मुलींना असंच विचारलं असेल, आणि त्या मुकाट्याने उत्तरं देऊन घरी गेल्या असतील.

हेमलताला नोकरीची गरज होती. तरी तिनं विचारलं. तिच्या जागी मी असते तर गप्प बसले असते...

थँक्यू, हेमलता.