पाऊल मागं

मुखेडला शाळेत शिकवून घरी जाताना मी एका सुताराच्या दुकानात थांबतो. पूर्वी ते रंधा मारायचे तेव्हा हात हलल्यासारखे वाटायचेच नाहीत. उजवा पाय मागं रोवून सगळं अंग पुढं जायचं आणि सागाचा पातळ छिलका गुंडाळत वर यायचा. शिकायला कुणी आलं की ते खाली वाकायचे, त्याचं पाऊल हातानं धरून मागं सरकवायचे. "जोर हातात न्हाई, हितं हाय," एवढंच बोलायचे.

गेल्या वर्षी लकव्यानं त्यांच्या उजव्या हातातला जोर गेला. त्यांनी लाकूड अडवायचा ठोकळा बाकाच्या दुसऱ्या टोकाला ठोकला आणि डाव्या हातानं उलट्या दिशेनं रंधा ढकलायला सुरुवात केली. रंधा अडकतो, लाकूड उचकटतं.

काल जुनं गिऱ्हाईक दाराचं काम घेऊन आलं. त्यांनी त्याला दुसऱ्या सुताराकडं धाडलं.

"का हो?" मी विचारलं.

"शिकायलोय सर अजून."

ते बाकाशी उभे राहिले. सवयीनं उजवाच पाय मागं गेला. रंधा खाली ठेवून ते वाकले आणि आपलंच डावं पाऊल हातानं धरून मागं सरकवलं.