खंडेनवमीचा कोयता

नवऱ्याने माझ्यावर कोयता उगारला तेव्हा आम्ही शेजाऱ्याच्या उभ्या उसात होतो. त्याने चार-पाच बेटं आडवी केली होती. मी दंड धरायला गेले.

"मागं हो म्हातारे, तुटशील."

"अवं, मी हाय. घरी चला."

"कोण मी?"

चूक माझीच. नगरच्या डॉक्टरांनी कागदावर अल्झायमर लिहून दिलं होतं. मुलगा म्हणाला होता, "आई, धारेची वस्तू घरात ठेवू नको." मी कोयता बाजरीच्या कोठीमागे लपवला. पण खंडेनवमीला हत्यार पूजतात. ज्याने आयुष्यभर पोट भरलं, तो त्या दिवशी कोठीमागे कसा ठेवायचा? धुतला, हळदकुंकू लावलं, पाटावर ठेवला. शेळीला पाणी पाजून आले तर पाटावर नुसती झेंडूची फुलं.

आम्ही जन्मभर ऊसतोड केली; तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. तो तोडतो, ती मोळ्या बांधते. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता.

"मुकादम येईल आता," तो म्हणाला. "अन् बायकोचा पत्ता न्हाई."

"कुठं गेली?"

"पळाली आसंल. लई तोंडाळ हुती."

शेजारी बांधावरून ओरडला, "काकू, लांब व्हा! गडी बोलावतो, धरू त्याला."

"धराल तर कुनाचा तरी हात जाईल. गप उभा ऱ्हा."

मग नवऱ्याला म्हटलं, "मुकादमानं धाडलंय मला. बांधायला."

त्याने कोयता खाली केला. मी वाकले, उसाच्या शेंड्याच्या वाढ्याला पीळ देऊन मोळी बांधली. त्याने ती पायाने लोटून पाहिली.

"सैल हाय. माझ्या बायकोची गाठ बघायला पायजे हुतीस."

तो तोडत गेला, मी मागे बांधत गेले. उसाच्या पानांनी हात कापले. कंबर सरळ होईना. खरं सांगते, मनात आलं, हा इथेच पडावा आणि उठू नये. मग वाटलं, मीच पडावं. उद्याही हेच, परवाही हेच. दोघांपैकी कुणी पडलं नाही.

ऊन चढल्यावर तो थांबला. "पानी," म्हणाला, आणि कोयत्याची मूठ माझ्याकडे करून हात पुढे केला. पाणी प्यायच्या आधी तो कोयता नेहमी असाच माझ्याकडे द्यायचा. मी घेतला. शेजाऱ्याने कळशी आणून दिली.

घरी येताना त्याने विचारलं, "नवऱ्याला सांगून आलीस का?"

"सांगितलंय."

तोडलेला ऊस शेजाऱ्याने जनावरांना घातला. कोयता मी विहिरीत टाकला. पुढच्या खंडेनवमीला पाट रिकामा होता, त्याला कळलंही नाही.

त्या दिवशी मोळ्या बांधल्या त्या मी, त्याच्या बायकोने.