कुरुळीच्या खळ्यावरून देवयानी

माझा एक सिद्धान्त आहे. नाद जितका निरुपयोगी, तितके त्यातले किस्से जास्त! कबुतरं पाळणाऱ्याला गाठा, तो तासभर जागचा हलू देणार नाही. रोज पोहायला जाणाऱ्याला विचारा, ‘पाणी गार होतं’ यापलीकडे त्याची गाडी सरकत नाही.

आमचा नाद कबुतरांपेक्षाही वाया गेलेला. पिंपरीला कारखाने नुकते उभे राहत होते, त्या पन्नास-साठच्या दरम्यानची गोष्ट. आम्ही चार शहाणे घरी बनवलेल्या दुर्बिणीला कॅमेरा लावून आकाशातल्या ढगांचे फोटो काढत होतो. पावसाचे ढग नव्हेत! ताऱ्यांमधले तेजोमेघ आणि त्यांच्याही पलीकडच्या दीर्घिका.

म्होरके इनामदार मास्तर, चिंचवडच्या शाळेत शास्त्र शिकवायचे. दुसरे सावंत, कारखान्यात टर्नर, मूळचे मालवणकडचे, आवाज असा की भोंगा नाही वाजला तरी पाळी सुटावी. तिसरा वासवानी. फाळणीत सिंधमधून आला आणि पिंपरीच्या कॅम्पात त्यानं फोटो स्टुडिओ टाकला. चौथा मी, ड्रॉइंग ऑफिसातला साताऱ्याचा कारकून. माझं मुख्य काम सामान उचलणं.

*

दुर्बिणीचा आरसा विकत कोण घेणार? मास्तरांनी घासायला घेतला. अंगणात वाळू भरलेलं पिंप, त्यावर एक काच, तिच्यावर दुसरी काच, मध्ये ओली कुरुंदाची पूड. वरची काच मागंपुढं घासायची आणि घासता घासता पिंपाभोवती फिरत राहायचं. सगळीकडून सारखं घासलं जावं म्हणून.

मास्तर रोज शाळेतून आले की धोतर खोचून फिरायला लागत. काही महिने असं चाललं. आळीत बातमी पसरली, मास्तरांनी काहीतरी नवस बोललाय. एके दिवशी शाळेतून येऊन बघतात तो पिंपाला हळदकुंकू आणि समोर नारळ!

शेजारच्या आजींनी अदबीनं विचारलं, "मास्तर, कोणता देव हो हा?"

"देव नाही आजी, आरसा करतोय. आकाश बघायला."

"अगं बाई! मग मान वर करा की!"

हे ऐकून मास्तरीणबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "करा म्हणावं प्रदक्षिणा! लग्नात होमाभोवती फिरताना हेच पाय दुखत होते!"

*

आरसा झाला. आता दुर्बीण ठेवायची कुठं? पिंपरीत कारखान्याचे दिवे. म्हणून चाकणच्या वाटेवर कुरुळीला सोपानराव नावाच्या शेतकऱ्याच्या खळ्यावर खांब रोवायचं ठरलं. सावंतांनी भंगारातल्या लॉरीच्या आसापासून बैठक बनवली होती. ती एवढी जड की बैलगाडीतून न्यावी लागली. वर लांबलचक पत्र्याची नळी.

बैठकीचा आस बरोबर ध्रुवाकडे रोखावा लागतो, नाहीतर फोटो येत नाही. भर दुपारी सावंत होकायंत्र घेऊन पाचर ठोकत बसले होते. तेवढ्यात सायकलवरून फौजदार हजर! कुणीतरी वर्दी दिली होती की कुरुळीत तोफ आणलीय.

"कुणावर रोखलीय ही?" फौजदार गरजले.

सावंतांनी मान वर न करता सांगितलं, "ध्रुवावर."

"कोण ध्रुव? आडनाव सांगा! आणि त्याचं नि तुमचं वाकडं काय?"

"वाकडा काय नाय साहेब! सरळ करूक तर सकाळपासून मरतंय!"

*

सोपानराव स्वभावानं मोकळा माणूस. खळं दिलं, गोठ्यात दुर्बिणीला जागा दिली, वर घोंगडी दिली. पहिला मान त्यांचा म्हणून मास्तरांनी देवयानी दीर्घिका लावून दाखवली. दुर्बिणीत ती दिसते पांढुरका, धुरकट ठिपका. बस्स!

सोपानरावांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.

"मास्तर, ह्ये तर आमच्या म्हशीच्या डोळ्यातलं फूल हाय!"

मास्तर दुखावले. त्यांनी सोपानरावांना खाली बसवून समजावलं, की हा ठिपका नव्हे, अब्जावधी सूर्यांचा थवा आहे, तिथून निघालेला उजेड लाखो वर्षं चालत आत्ता तुमच्या डोळ्यात शिरला.

"म्हंजे आत्ता तितं काय चाललंय, ते तुमास्नी ठाव न्हाई?"

"नाही."

"हायेत का न्हाईत ते बी?"

"तसं... तेही सांगता येणार नाही."

सोपानराव उठले, धोतर झटकलं. "आन् असल्या शिळ्या बातमीपायी थंडीत कुडकुडताय व्हय? चला, भाकरी ताजी हाय!"

*

फोटो म्हणजे काचेची प्लेट. अंधुक उजेड तिच्यावर साठायला तास-दीड तास लागतो. तोवर पृथ्वी काही थांबत नाही! त्यामुळे एकानं जोडीच्या छोट्या दुर्बिणीला डोळा लावायचा, एक तारा तिच्यातल्या फुलीवर धरायचा आणि हातानं स्क्रू फिरवत तो तिथंच ठेवायचा. जरा हललं की ताऱ्याची शेवई!

एकदा पाळी सावंतांची. संध्याकाळची जेवणं उरकून बसले, मास्तरांनी "सुरू!" म्हटलं, आणि थोड्या वेळानं सावंतांचा श्वास बदलला. मुंगळे! पाय बरोबर वारुळावर.

पण उठायचं कसं? तारा सुटला तर सगळंच गेलं. सावंत डोळा काढीनात. हात घड्याळासारखा स्क्रू फिरवतोय आणि तोंडातून मालवणी शिव्यांची अखंड धार! मुंगळ्यांच्या आईपासून सुरू करून ते हळूहळू मृगनक्षत्रापर्यंत पोचले. सोपानरावांनी बायकोला घरात पाठवलं, पण स्वतः जवळ सरकून बसले. एक-दोन शिव्या त्यांना नवीन होत्या.

"संपलं!" मास्तर म्हणाले. सावंत उठले आणि थेट विहिरीकडे पळाले. पाय सुजून खांबासारखे.

मास्तर प्लेट काढायला गेले आणि तिथंच उभे राहिले. प्लेटवरचं झाकण सरकवायचं काम त्यांचं. ते सरकवलंच नव्हतं!

सावंत लंगडत आले. मास्तरांनी घसा साफ केला.

"सावंत, एक मात्र मान्य करायला हवं. काळोख अजिबात हललेला नाही!"

त्यानंतर खळ्याभोवती जी पळापळ झाली, तिच्यात सुजलेले पाय पुढं होते.

*

पुढच्या खेपेला मात्र मृगातला तेजोमेघ झकास उतरला. वासवानीनं स्टुडिओच्या काळोख्या खोलीत प्लेट धुतली, उजेडात धरली आणि आम्ही चौघं कॅम्पातल्या रस्त्यावर अक्षरशः नाचलो. पंखासारखा पसरलेला मेघ, भोवती ठिपक्या-ठिपक्यांनी तारे. प्लेट वाळत ठेवून आम्ही चहाला गेलो.

आता वासवानीच्या दुकानात त्याचे चाचा बसायचे. नजर अधू, चष्मा जाड, हात मात्र कसबी. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरचे डाग, पुरळ, देवीचे वण काचेवरून नाजूक पात्यानं खरवडून काढायचे. लग्नाच्या मुलामुलींचे फोटो त्यांच्या हातून गेल्याशिवाय स्थळाला दाखवायला जात नसत.

आम्ही चहा पिऊन परत आलो. चाचांनी हसत प्लेट पुढं केली.

एकही तारा शिल्लक नव्हता!

"बहुत देवी निकली थी बेचारे को," चाचा हळहळले. "सब साफ कर दिया."

वासवानीनं कपाळावर हात मारला. "चाचा! इसमें चेहरा कहाँ है?"

"वही तो!" चाचा म्हणाले. "मैं भी बोला, चेहरा अच्छा नहीं आया. कम से कम दाग तो हटा दूँ!"

मास्तर दोन दिवस कॅम्पाकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्टुडिओत आले, चाचांच्या समोर बसले आणि म्हणाले, "माझा एक काढा. लग्नानंतरचा सगळा काळ खरवडून!"

*

आता सगळ्यात चांगला किस्सा.

अखेर देवयानी मिळाली. झाकण सरकवलेलं, तारे गोल, चाचांना घरी बसवलेलं. वासवानीनं फोटो भिंतीएवढा नाही तरी दाराएवढा मोठा केला आणि मास्तरांच्या शाळेत सकाळी प्रदर्शन भरलं.

मास्तरांचा एक दुर्गुण सांगायला हवा. शास्त्रातली चूक त्यांना सोसत नसे. त्या दिवशी पाहुणे भाषणात म्हणाले, "आपल्या शेजारच्या या ताऱ्याकडे पाहताना..." मास्तर खालून ओरडले, "तारा नाही!" पाहुणे म्हणाले, "बरं, शेजारच्या या ढगाकडे..." मास्तर पुन्हा, "ढगही नाही!" पाहुण्यांनी भाषण आटपलं आणि पेढा खाल्ला. वर्गात तर ‘सूर्य मावळतो’ लिहिलं तरी हे गृहस्थ लाल रेघ मारत. सूर्य कुठं मावळतो, पृथ्वी फिरते!

गर्दी पांगत आली तेव्हा वासवानी त्याच्या आईला घेऊन आला. अम्मांना मराठी येत नव्हती, हिंदीही जेमतेम. मुलानं मोठा केलेला फोटो बघायला आल्या होत्या. फोटोसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग सिंधीत मुलाला काहीतरी विचारलं. वासवानी ओशाळला.

"काय म्हणतात?" मास्तरांनी विचारलं.

"कुछ नहीं, मास्टरजी. बूढ़ी है."

"शंका विचारली की उत्तर द्यायचं. सांगा!"

"पूछ रही है..." वासवानी खाली बघत म्हणाला, "इतने ऊपर से सिंधवाला हमारा घर दिखता होगा क्या?"

सावंतांनी माझ्याकडे पाहिलं, मी सावंतांकडे. आता अंतर येणार, उजेडाचा वेग येणार, लाखो वर्षं येणार! सावंतांनी तर मास्तरांचा कोट मागून धरला.

मास्तरांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. फोटोच्या अगदी जवळ तोंड नेऊन, देवयानीच्या कडेला कुठंतरी, नीट निरखून पाहिलं.

"दिखता है, अम्मा," ते म्हणाले. "साफ दिखता है. दरवाजा बंद है. ताला भी लगा हुआ है."

वासवानीनं सिंधीत सांगितलं.

अम्मा मास्तरांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. आणि एकदम हसायला लागल्या! बोळक्या तोंडानं, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दारातली पोरं वळून बघायला लागली. हसता हसताच त्यांनी कमरेची पुरचुंडी सोडली, आतून मुठीएवढं पितळी कुलूप काढलं आणि फोटोखालच्या टेबलावर ठण्णकन ठेवलं. किल्ली त्यालाच लोंबत होती. मग मुलाला काहीतरी म्हणाल्या.

वासवानीनं कुलूप हातात घेतलं.

"अहो, काय म्हणाल्या?" मास्तरांनी विचारलं.

"बोल रही है," वासवानी म्हणाला, "मास्टरजी को बता, ताला तो मैं साथ ले आई."